मदत हवी आहे: स्लर्ममध्ये ६४ सीपीयू दिसतात, तरी एका वेळी एकच काम चालतं

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात आमचा चार जणांचा गट आहे. पावसाळ्यात किनाऱ्याजवळ लाटा किती उंच उठतात याचं गणित आम्ही स्वॅन मॉडेलवर करतो. हर्णै, मिरकरवाडा, देवगड आणि मालवण अशी चार ठिकाणं आहेत. प्रत्येकाचा ग्रिड वेगळा, म्हणून कामंही चार. सध्या २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते या दोन वादळांच्या वाऱ्यांवर मॉडेल तपासून घेतोय. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते आणि १ ऑगस्टपासून बोटी बाहेर पडू लागतात. त्याआधी बंदरावरच्या मंडळींना नकाशे दाखवू असा शब्द दिलाय, आणि इथे मशीन अडून बसलंय.

मशीन एकच आहे. दोन प्रोसेसर, प्रत्येकी १६ कोअर, हायपरथ्रेडिंग चालू (एक कोअर दोन सीपीयूंसारखा दिसतो), म्हणून ६४ सीपीयू दिसतात. रॅम २५६ जीबी. उबुंटू २४.०४ आणि त्याच्यासोबत येणारं स्लर्म २३.११ (कामं रांगेत लावून त्यांना सीपीयू आणि मेमरी वाटून देणारा प्रोग्रॅम). आधी आम्ही फळ्यावर नावं लिहून पाळी लावायचो, ते थांबावं म्हणून गेल्या महिन्यात स्लर्म मीच बसवलं.

काम रांगेत टाकणाऱ्या 'एसबॅच'च्या फाइलमध्ये एक टास्क आणि टास्कमागे ८ सीपीयू मागितलेत. म्हणजे चारही कामं एकदम चालायला हवीत. चालतं एकच, बाकीची तीन रांगेत.

आतापर्यंत केलेलं सांगतो. स्लर्म डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये सिलेक्टटाइप (वाटपाची पद्धत) 'लिनिअर' होता. तो एका कामाला अख्खा नोड, म्हणजे अख्खं मशीन, देऊन टाकतो हे वाचल्यावर वाटून देणारा 'कॉन्स_ट्रेस' केला आणि पॅरामीटर 'सीआर_कोअर_मेमरी' ठेवला. 'स्लर्मडी -सी' चालवून सॉकेट, कोअर, थ्रेडचे आकडे ताडून पाहिले, ते जुळतात. स्लर्मचे मागे चालणारे दोन्ही प्रोग्रॅम (डीमन) बंद करून परत चालू केले. फरक शून्य.

एसक्यूमध्ये, म्हणजे रांगेच्या यादीत, रांगेतल्या पहिल्या कामापुढे 'रिसोर्सेस' आणि मागच्या दोघांपुढे 'प्रायॉरिटी' येतं. 'एससीकंट्रोल शो नोड' असं सांगतं: सीपीयूअ‍ॅलॉक ८, सीपीयूटोट ६४, रिअलमेमरी २५६०००, अ‍ॅलॉकमेम २५६०००.

५६ सीपीयू मोकळे असताना कसले रिसोर्सेस कमी पडतात? दोन रात्री यात गेल्या. कुणी वाट दाखवली तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलेल्या शेवटच्या आकड्यात आहे. अ‍ॅलॉकमेम पाहा. पहिल्या कामाने सीपीयू आठच घेतलेत, पण मेमरी सगळीच्या सगळी घेतली आहे.

'सीआर_कोअर_मेमरी' लावल्यावर स्लर्म कोअरबरोबर मेमरीचाही हिशेब ठेवतं. कामाने किती मेमरी हवी ते सांगितलं नाही आणि कॉन्फमध्ये 'डेफमेमपरसीपीयू' नसेल, तर त्या कामाला नोडची पूर्ण मेमरी मिळते. मग दुसऱ्या कामाला सीपीयू असून उपयोग नाही.

दोन गोष्टी करा. कॉन्फमध्ये डेफमेमपरसीपीयू २००० एमबी ठेवा, म्हणजे कुणी सांगायला विसरलं तरी अडणार नाही. आणि प्रत्येक कामात स्वतः मेमरी मागा. किती मागायची ते एसअकाउंटमधल्या (संपलेल्या कामांची नोंद) मॅक्सआरएसएसवरून, म्हणजे कामाने वापरलेल्या सर्वाधिक मेमरीवरून ठरवा, अंदाजाने नको. अकाउंटिंग चालू नसेल तर काम चालू असताना टॉपमध्ये (चालू प्रोग्रॅमची यादी) पाहिलं तरी पुरे.

एक इशारा, पुढच्या वेळेसाठी: सिलेक्टटाइप बदलायचा तर आधी रांग रिकामी होऊ द्या. प्रत्येक प्लगइनची साठवण्याची पद्धत वेगळी असल्याने चालू आणि रांगेतली कामं हरवू शकतात.

धागाकर्ता

जमलं! टॉपमध्ये एक काम ११ जीबीच्या आसपास दिसलं, म्हणून १६ जीबी मागितले. चारही कामं सुरू झाली. मनापासून आभार, हा आकडा समोर असून मी फक्त सीपीयूकडे बघत होतो.

पण आता दुसरंच. कामं चालू आहेत, पण कमालीची सावकाश. हाताने चालवलं की टॉपमध्ये एक काम ८०० टक्क्यांपर्यंत (एक सीपीयू म्हणजे १०० टक्के) जायचं. स्लर्ममधून चालवलं की २०० च्या वर सरकत नाही. स्क्रिप्टमध्ये ओएमपी थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) ८ दिलेत, आणि शेवटची ओळ 'एसरन' (स्लर्ममधून प्रोग्रॅम चालवणारी आज्ञा) आणि पुढे स्वॅनचा प्रोग्रॅम अशी आहे.

प्रतिसाद २

मालवणच्या लाटांचं गणित कुणीतरी बसून करतंय हे वाचूनच बरं वाटलं. आमचं घर दांडी किनाऱ्यावर आहे.

स्लर्म २२.०५ पासून एक बदल झाला. एसबॅचमध्ये दिलेलं 'सीपीयूज पर टास्क' त्यातला एसरन आपोआप उचलत नाही. त्यामुळे तुमचा टास्क एका कोअरला बांधला जातो आणि आठही थ्रेड त्या कोअरच्या दोन सीपीयूंवर दाटीवाटीने बसतात. २०० टक्के येतात ते म्हणून. जुन्या आवृत्तीवर लिहिलेल्या सूचना वाचून स्क्रिप्ट केली की हमखास हेच होतं, मीही यात आठवडा घालवलाय. एसरनच्या ओळीतच '-सी ८' पुन्हा लिहा, नाहीतर त्याच्या आधी 'एसरन_सीपीयूज_पर_टास्क' हा व्हेरिएबल एक्स्पोर्ट करा. पडताळण्यासाठी एसरनमधून फक्त 'एनप्रॉक' चालवून बघा, किती सीपीयू मिळाले ते तो सांगतो.

दुसरं म्हणजे तुमच्याकडे सीपीयू म्हणजे हार्डवेअर थ्रेड. ८ सीपीयू मागितले की खरे कोअर चारच मिळतात. स्वॅनसारख्या आकडेमोडीला एका कोअरवर दोन थ्रेड टाकून सहसा फायदा होत नाही. एसबॅचमध्ये 'हिंट = नोमल्टिथ्रेड' द्या, म्हणजे प्रत्येक कामाला ८ खरे कोअर मिळतील. चार कामांचे ३२ होतात, म्हणजे तुमचं मशीन बरोबर भरतं.

प्रतिसाद १

वरच्याशी सहमत. जोडीला टास्कप्लगइनमध्ये (काम ठरलेल्या कोअरवर बांधून ठेवणारी सेटिंग) 'अ‍ॅफिनिटी' आणि 'सीग्रुप' दोन्ही आहेत ना ते पाहा, आणि सीग्रुप डॉट कॉन्फमध्ये 'कन्स्ट्रेनकोअर्स' यस करा. नाहीतर उद्या कुणी थ्रेडची संख्या लिहायला विसरलं की त्याचं काम सगळ्यांच्या कोअरवर पसरेल, आणि तुमच्या आकड्यांत मात्र सगळं ठीक दिसेल.

धागाकर्ता

तिन्ही बदल केले. एनप्रॉक आता ८ सांगतं, सीपीयूअ‍ॅलॉक ६४, आणि टॉपमध्ये चार ओळी ८०० च्या जवळ. हर्णैचं निसर्गचं काम जेवून येईस्तोवर निम्म्यावर आलं होतं. दोघांचेही किती आभार मानू!

एकच शंका उरली. इकडे पावसात वीज जाते, यूपीएस वीसेक मिनिटं धरतो. मशीन परत उठल्यावर स्लर्म काम पुन्हा रांगेत घालतं, पण गणित पहिल्यापासून सुरू होतं. यावर काही?

प्रतिसाद २

ते स्लर्मच्या हातात नाही, स्वॅनच्या आहे. मॉडेलची वेळ टप्प्यांत तोडा आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी हॉटफाइल (त्या क्षणाची मॉडेलची स्थिती साठवणारी फाइल) लिहून घ्या. स्क्रिप्टच्या सुरुवातीला शेवटची हॉटफाइल आहे का ते तपासा. असेल तर तिथून पुढचा टप्पा सुरू करा, नसेल तर शून्यापासून. एसबॅचमध्ये 'रीक्यू' (काम पुन्हा रांगेत घालणं) राहू द्या. माझी स्क्रिप्ट उद्या सकाळी इथेच चिकटवतो, तिच्यात फक्त ग्रिडचं नाव बदलावं लागेल.