अनंत चतुर्दशीनंतर दोनच दिवसांनी रोमहून क्रूझ : विमानाचे नियोजन कसे करावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. यंदा २७ सप्टेंबरला, रविवारी, रोमजवळच्या चिविताव्हेक्किया बंदरातून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझचे आरक्षण आम्ही केले आहे. विमानाची तिकिटे अजून काढलेली नाहीत. ती काढण्यापूर्वी, ज्यांनी असा प्रवास केला आहे किंवा ज्यांचे मुंबईहून युरोपला नेहमी जाणे-येणे असते, त्यांचे मार्गदर्शन मिळावे म्हणून हा धागा काढत आहे.

आम्ही सहा जण आहोत : सासरे, सासूबाई, आम्ही दोघे, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि नणंद. सासरे पंच्याहत्तरी ओलांडलेले आहेत, पण चालते-फिरते आहेत. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे विमानतळावर त्यांना व्हीलचेअर लागेल. जहाज संध्याकाळी पाच वाजता सुटते आणि चेक-इन दुपारी साडेतीनला बंद होते, असे आरक्षणाच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिले आहे. दुसरा पूर्ण दिवस जहाज समुद्रातच असते. पहिला थांबा थेट मंगळवारी सँटोरिनीला आहे, त्यानंतर तुर्कस्तानातले कुशादासी, मग मिकोनोस, आणि परतताना नेपल्स.

अडचण अशी आहे की आमचे घर गिरगावात असून आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो. अधिक ज्येष्ठामुळे या वर्षी गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, म्हणजे शुक्रवारी, आलेली आहे. विसर्जन झाल्याशिवाय सासरे घर सोडणार नाहीत, आणि ते योग्यच आहे असे मलाही वाटते. क्रूझची तारीख आम्ही त्या हिशोबानेच निवडली. (पितृपक्षात प्रवास करावा की नाही, हा विषय घरात सर्वांच्या संमतीने मिटलेला आहे, त्यामुळे कृपया त्यावर चर्चा नको.)

आमच्या एजंटने असे सुचवले आहे की विसर्जनानंतर एक दिवस विश्रांती घ्यावी, शनिवारी मध्यरात्रीनंतर निघून आखाती देशातल्या एखाद्या विमानतळावर विमान बदलावे, रविवारी दुपारी एकच्या सुमारास रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरावे आणि तिथून गाडीने सरळ बंदर गाठावे. त्यामुळे हॉटेलचा एका रात्रीचा खर्च वाचतो. मला ही योजना मुळीच पटत नाही. एक वाजता उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि त्यापुढे साठेक किलोमीटरचा रस्ता, हे सगळे अडीच तासांत बसवायचे म्हणजे मुंबईत विमान दीड तास उशिरा सुटले तरी आमची पूर्ण सहल हातची जाते. सहा माणसांच्या तीन खोल्यांचे एका रात्रीचे भाडे आणि सहा माणसांची बुडालेली क्रूझ यांची तुलनाच होऊ शकत नाही. मात्र घरात काही जणांचे मत एजंटच्या बाजूने आहे, कारण विसर्जनाच्या धावपळीनंतर त्याच रात्री वृद्धांना घेऊन निघणे त्यांना क्रूर वाटते. तेही चुकीचे बोलत आहेत असे मी म्हणू शकत नाही.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला, शुक्रवारी रात्री विमानतळावर जाऊन शनिवारी पहाटेच्या विमानाने निघणे आणि त्याच दिवशी दुपारी रोमला पोहोचणे. दुसरा, शनिवारी सकाळी उशिराच्या विमानाने निघून रात्री रोमला पोहोचणे. दोन्हींत रविवारची सकाळ आपल्या हातात राहते, पण पहिल्यात विसर्जनाच्या रात्री गिरगावातून अंधेरीला जाण्याचा प्रश्न आहे. मिरवणुका दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालतात, रस्ते बंद असतात आणि टॅक्सी मिळत नाही, हे गिरगावकरांना सांगायला नकोच. शिवाय पाऊस. मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर मानली जाते. २०२४ साली नेमक्या २५ सप्टेंबरला शहरात मुसळधार पाऊस होऊन विमाने दुसऱ्या शहरांकडे वळवावी लागली होती.

आपण आमच्या जागी असता तर यातला कोणता पर्याय निवडला असता? आणि रोमला उतरल्यावर रात्रीचा मुक्काम रोम शहरात करावा की थेट चिविताव्हेक्कियात?

प्रतिसाद १

ताई, एजंटची योजना आपण नाकारलीत हे उत्तम केलेत. क्रूझच्या बाबतीत विमानाच्या तिकिटाचा विचार रेल्वेच्या तिकिटासारखा करता येत नाही. पुढची गाडी पकडू असे म्हणण्याची सोय इथे नसते, आणि आपल्या प्रवासात तर ती सर्वांत कमी आहे. पहिला थांबा नेपल्स असता, तर चुकलेला प्रवासी रोमहून वेगवान रेल्वेने सव्वा तासात तिथे पोहोचू शकला असता. आपल्या जहाजाचा पहिला थांबा सँटोरिनी आहे. तिथे जायचे तर रोम ते अथेन्स आणि अथेन्स ते सँटोरिनी अशी आणखी दोन विमाने, दोन रात्री स्वतःच्या खर्चाने मुक्काम, आणि वर मधल्या बंदरात चढण्यासाठी क्रूझ कंपनीची परवानगी लागेल. सँटोरिनीला मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. ती कॅल्डेरात, म्हणजे ज्वालामुखीमुळे बनलेल्या खोल खाडीत, उभी राहतात आणि प्रवाशांची ने-आण छोट्या बोटींतून होते. सासूबाईंना सहा जणांच्या सामानासह तसे चढवणे कसे जमेल, याची कल्पना करून पाहा.

आपल्या दोन पर्यायांपैकी मी निःसंशय पहाटेचे विमान निवडेन. कारण झोप किंवा सोय हे नव्हे. दिवसाच्या पहिल्या विमानाने निघालेल्या प्रवाशाच्या मागे त्याच दिवसाची उरलेली विमाने शिल्लक असतात. पहाटेचे विमान रद्द झाले किंवा आखातातले पुढचे विमान चुकले, तर विमान कंपनी आपल्याला संध्याकाळच्या किंवा रात्रीच्या विमानात बसवू शकते आणि आपण रविवारी सकाळपर्यंत तरी रोममध्ये असता. सकाळी उशिराच्या विमानाचे काही बिनसले, तर पुढची संधी रविवारचीच, आणि मग आपण पुन्हा एजंटच्या योजनेवर येऊन थांबतो. सहा जणांना एकदम जागा मिळणेही सोपे नसते, हे लक्षात ठेवावे.

तिकीट मात्र मुंबई ते रोम असे एकाच पीएनआरवर काढावे. स्वस्त पडते म्हणून मुंबई ते आखात वेगळे आणि तिथून रोम वेगळे घेतले, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास कोणीही जबाबदारी घेत नाही, आणि सामानही थेट रोमपर्यंत जात नाही. व्हीलचेअरचा विचार करता विमान बदलण्यासाठी अडीच ते चार तासांचा वेळ असलेले तिकीट पाहावे. सव्वा तासाचे कनेक्शन नियमात बसत असले तरी घेऊ नये. व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करावी. युरोपीय नियमांनुसार अशी सूचना किमान ४८ तास आधी द्यायची असते.

फ्युमिचिनोला उतरल्यानंतरच्या वेळेबद्दल एक गोष्ट घरच्यांना जरूर सांगा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय) देशांनी नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे. तीत आपल्यासारख्या प्रवाशांचा चेहरा आणि बोटांचे ठसे पहिल्या प्रवेशाच्या वेळी नोंदवून घेतले जातात. ज्येष्ठांच्या बोटांचे ठसे चटकन उमटत नाहीत, हा अनुभव आपल्याला बँकेत आणि शिधावाटप दुकानातही येतो. सहा जणांचे काम तासाभरात आटोपेल असे गृहीत धरू नये.

मुक्कामाबाबत माझे मत स्पष्ट आहे : थेट चिविताव्हेक्किया. विमानतळापासून ते रस्त्याने साधारण तासाभरावर आहे. सहा जणांची मोठी व्हॅन आधीच ठरवून ठेवावी. रेल्वेने जायचे झाल्यास विमानतळावरून त्रास्तेवेरे स्थानकापर्यंत जाऊन तिथे गाडी बदलावी लागते आणि सामान घेऊन फलाट ओलांडावे लागतात, जे आपल्या मंडळींसाठी योग्य नाही. रोममध्ये राहिलात तर शनिवारी संध्याकाळी थकव्यामुळे काही पाहून होणार नाही आणि रविवारी सकाळी पुन्हा सत्तरेक किलोमीटरचा प्रवास डोक्यावर राहील. त्यातच इटलीतले संप. विमानसेवेतल्या संपांना २७ जुलै ते ५ सप्टेंबर या काळात बंदी असते, आपला प्रवास त्यानंतरचा आहे. संपाच्या काळात लोकल रेल्वेसाठी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ हे जे हमीचे (गाड्या नक्की धावण्याचे) तास असतात, ते कामाच्या दिवसांपुरते असतात. आपण जहाजावर चढणार आहात रविवारी. जाहीर झालेल्या संपांची यादी इटलीच्या वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसते. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात ती एकदा पाहावी.

रोम पाहायचेच असेल तर ते क्रूझनंतर ठेवा. आपण परत येता त्या ४ ऑक्टोबरला महिन्याचा पहिला रविवार आहे. त्या दिवशी इटलीतील सरकारी संग्रहालये आणि पुरातन स्थळे विनामूल्य असतात, अर्थात गर्दीही तशीच असते. व्हॅटिकनची संग्रहालये मात्र त्या रविवारी बंद असतात, त्यामुळे ती पाहायची असल्यास परतीचे विमान मंगळवारचे घ्यावे.

प्रतिसाद २

मी गिरगावचाच आहे, म्हणून फक्त विसर्जनाच्या रात्रीबद्दल लिहितो. रस्त्याचा विचार डोक्यातून काढून टाका. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालेली आहे, आणि गिरगाव स्थानकात बसलेला माणूस गाडी न बदलता विमानतळाच्या टी-२ स्थानकात उतरतो. जमिनीवर कितीही मिरवणुका असोत, खाली गाडी धावत असते. शेवटच्या गाड्या साधारण साडेदहाच्या सुमारास असतात; त्या दिवसाचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे आणि उशिरापर्यंत सेवा वाढवतील या भरवशावर राहू नये. स्थानकात शिरण्यासाठीसुद्धा गर्दी असणार, म्हणून आठच्या आत घरून निघालेले बरे.

मोठे सामान त्या गर्दीत नेता येणार नाही. पार्ल्यात किंवा अंधेरीत कोणी नातेवाईक असल्यास बॅगा गुरुवारीच त्यांच्याकडे पोहोचवा. सासूबाई चौपाटीपर्यंत चालत जाणार नसतील, तर उत्तरपूजा आणि आरती झाल्यावर, रस्ते बंद होण्याआधी, त्यांनाही तिकडेच नेऊन झोपवावे.

प्रतिसाद ३

विम्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाची पॉलिसी लागते, आणि बहुतेक लोक तीच घेऊन समाधानी राहतात. आपण पॉलिसीच्या मजकुरात कनेक्शन चुकणे, प्रवासाला विलंब आणि सामानाला विलंब ही तिन्ही कलमे शोधा, आणि किती तासांच्या विलंबानंतर ती लागू होतात तेही वाचा. सामान मागे राहिले तर ते जहाजाच्या मागोमाग बंदरोबंदरी पाठवावे लागते. एक दिवस आधी पोहोचल्याचा खरा फायदा तिथे दिसतो, कारण शनिवारी न आलेली बॅग रविवारी सकाळी येऊ शकते. औषधे, त्यांची डॉक्टरी चिठ्ठी, जहाजाची कागदपत्रे आणि प्रत्येकाचे दोन दिवसांचे कपडे हातातल्या बॅगेतच ठेवावेत.

आणखी एक. शेंगेनबाहेरच्या कुशादासीला जाऊन पुन्हा ग्रीसमध्ये यायचे असल्यामुळे शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा लागेल. अर्जात तसे स्पष्ट लिहा. तुर्कस्तानच्या व्हिसाबाबत क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर मागवून घ्यावे.

धागाकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. आपले प्रतिसाद काल रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवले आणि पहाटेच्या विमानाला सर्वांची संमती मिळाली. सँटोरिनीला छोट्या बोटीतून चढण्याचा मुद्दा ऐकल्यावर नणंदेचा विरोध पूर्ण मावळला.

नणंद पार्ल्यालाच राहते, त्यामुळे बॅगा गुरुवारी तिच्याकडे जातील, आणि शुक्रवारी दुपारची आरती झाल्यावर सासूबाईही. आमचा गणपती आम्ही चौपाटीवर नेतो; या वर्षी मिरवणुकांची गर्दी वाढण्यापूर्वी, दुपारी तीनच्या आत विसर्जन आटोपायचे असे सासऱ्यांनी स्वतःहून सुचवले. घरी येऊन, आंघोळ करून, वाटली डाळ खाऊन आम्ही चौघे सातच्या सुमारास मेट्रोने निघू. विमान पहाटेचे असल्यामुळे पार्ल्याला सासऱ्यांना तीन-चार तास पाठ टेकता येईल, आणि तिथून टी-२ ला जायला मिरवणुकांचा मुख्य रस्ता ओलांडावा लागणार नाही.

व्हिसाचा अर्ज आता शनिवारच्या मुक्कामाच्या आरक्षणासह करत आहोत, म्हणजे त्याची मुदत २६ तारखेपासूनच मिळेल. परतीचे तिकीट मंगळवारचे घेत आहोत.

प्रतिसाद देणाऱ्या पहिल्या सद्गृहस्थांना एकच विचारायचे आहे. चिविताव्हेक्कियात हॉटेल बंदराच्या लार्गो देल्ला पाचे बस थांब्याजवळ घ्यावे, म्हणजे तिथून जहाजाकडे जाणारी बस मिळेल, की रेल्वे स्थानकाजवळ घेऊन रविवारी सकाळी सहा जणांसाठी पुन्हा व्हॅन सांगावी? सासूबाईंना बसच्या पायऱ्या चढताना त्रास होतो, म्हणून विचारत आहे.