बिनबत्तीची सायकल आडवी आली तर चूक कोणाची?

खाडीकाठचा
परवा रात्री आठच्या सुमारास दापोलीहून हर्णैला येत होतो. आसूदच्या पुढे एका वळणावर समोरून टेम्पो आला, हेडलाइटचा अप्पर मारलेला, दोन सेकंद काही म्हणजे काही दिसेना आणि तो गेल्यावर बघतो तर बोनेटसमोर दहा फुटांवर सायकल! बत्ती नाही, मागे काही चमकत नाही, अंगात काळा शर्ट, कॅरिअरवर रिकामा थर्माकोलचा खोका. गाडी डावीकडे घातली ती गडग्याला घासली, आरसा गेला. आणि मामा उतरून मलाच म्हणतात, "सावकाश चालवा की हो, एवढी मोठी सायकल दिसत नाय?" दोनशे रुपयांची बत्ती लावायची नाही आणि आपला जीव सांभाळायचं काम मात्र दुसऱ्याचं. माझं मत स्पष्ट आहे, बत्ती नसेल तर रात्री सायकल काढू नये, काढली तर जे होईल ते आपलं.

मुरूडची माहेरवाशीण
"जे होईल ते आपलं" हे लिहिताना काहीच वाटलं नाही? माझे बाबा रोज संध्याकाळचा मासळीचा लिलाव आटपून बंदरावरून सायकलनेच घरी येतात, आणि डिसेंबरात साडेसहालाच काळोख होतो. आधी डायनामो होता तो खाऱ्या वाऱ्याने गंजला, मग सेलची बत्ती आणली तिच्यात पावसाचं पाणी शिरलं, तिसरी बंदरावरून कोणीतरी काढून नेली. चौथी नाही घेतली त्यांनी, हो, चुकलं. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की दोन सेकंद काही दिसत नव्हतं, मग पाय ब्रेकवर का नव्हता? त्या जागी गाय बसलेली असती तर तिलाही बत्ती लाव म्हणाला असतात?

खाडीकाठचा
गायीला अक्कल नसते, माणसाला असते. आणि स्पीड ४० च्या वर नव्हता.

रिटायर्ड मास्तर
४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दोन सेकंदांत २२ मीटर, आणि तेवढं तुम्ही डोळे मिटून गेलात. अप्पर अंगावर आला की वेग कमी करायचा हे तर शिकाऊ लायसनवाल्यालाही ठाऊक असतं.
पण ताई, तुमच्या वडिलांचं एक चुकतंय आणि ते फक्त त्यांचं नाही. सायकलवाल्याचे डोळे काळोखाला सरावलेले असतात, त्याला रस्ता, व्हाळ, आडवं आलेलं कुत्रं सगळं दिसतं, त्यामुळे त्याला वाटतं की आपणही सगळ्यांना तसेच दिसतोय. गाडीवाल्याचे डोळे उजेडाने दिपलेले. बत्ती रस्ता बघायला नकोच आहे हो, आपण दिसायला हवी आहे. मी लहान असताना बिनबत्तीची सायकल सापडली की हवालदार चाकातली हवा सोडून द्यायचा, चालत घरी यावं लागे, म्हणून रॉकेलचा का होईना कंदील अडकवायचे लोक.

वेंगुर्लेकार
आमच्याकडे म्हाताऱ्यांका सांगूक गेलंय तर म्हणतत, "माका दिसता मरे!" मास्तरांनी बरोब्बर सांगल्यानी.

कोर्टकचेरी
कायद्याचं सांगतो, कारण इथे दोघांनाही वाटतंय की सगळी चूक समोरच्याची. गाडीने उडवलं तर भरपाईचा दावा लागतो, पण विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो की बत्ती होती का. सायकलवाल्याचाही निष्काळजीपणा ठरला तर तेवढा हिस्सा कापतात. समजा १० लाख ठरले आणि २० टक्के दोष लावला, की हातात ८. पण म्हणून गाडीवाला सुटला असं होत नाही, उरलेला ८० टक्के दोष त्याचाच.

मुरूडची माहेरवाशीण
म्हणजे पाय मोडायचा तो मोडायचा आणि वर दोन लाख कापून घ्यायचे. छान! बंदरापासून आमच्या वाडीपर्यंत रस्त्यावर दिव्याचे खांब मोजून चार, त्यातले पेटतात दोन, त्यांचा हिस्सा कोणाच्या दावणीला बांधणार ते पण सांगा वकीलसाहेब.

खाडीकाठचा
ताई, दिव्यांचं मान्य. पण तुम्ही एकदा सायकल मागच्या बाजूने बघा. त्या मामांच्या सायकलला मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर होता, मी नंतर बघितला, पण खोक्यावरचं गोणपाट बरोबर त्याच्यावर लोंबत होतं. ट्रकला लावतात ती लाल-पांढरी चमकती टेप स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते, वीतभर खोक्यालाच चिकटवा, सेल नको, वायर नको, कोणी चोरणारही नाही. आरशाचे पैसे मी मागितले नाहीत हेही सांगून ठेवतो.

मुरूडची माहेरवाशीण
टेप बघते. बाबांशी फोनवर बोलले आत्ता, म्हणाले चौथी बत्ती गणपतीतच घेतलीय, घट्ट बसवलीय. पेटवत नाहीत. सेल उगाच संपतो म्हणे.