मदत हवी आहे: स्वयंचलित संपादनानंतरही परिच्छेदांचे ओळखक्रमांक कायम कसे ठेवावेत?

नमस्कार. आमची नियमपुस्तिका मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच खुणा करून मांडणी दाखवण्याच्या पद्धतीत) असून प्रत्येक परिच्छेदाला ओळखक्रमांक दिलेला आहे, कारण भाषांतरे आणि तपासणाऱ्यांचे शेरे त्या क्रमांकालाच जोडलेले असतात. दुरुस्त्या पायथनची स्क्रिप्ट करते आणि घोटाळा तिथेच होतो: ‘रजा-०७’ या परिच्छेदाचे दोन झाले, तर जुना क्रमांक कोणत्या भागाकडे राहावा हे ठरत नाही आणि दोन परिच्छेद एकत्र झाले, की एकाचे शेरे पोरके होतात. मजकुराच्या हॅशवरून (मजकुरावरून गणिताने काढलेल्या सांकेतिक ठशावरून) क्रमांक काढणे मला पटत नाही. एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश बदलतो, मग ती ओळख स्थिर कसली? पॅनडॉक या दस्तऐवज-रूपांतर साधनाच्या रचनेत शीर्षकाला ओळख देता येते, साध्या परिच्छेदाला नाही, म्हणून प्रत्येक परिच्छेद डिव्हमध्ये (ओळख देता येणाऱ्या वेष्टनात) गुंडाळावा लागतो; त्याने काम भागते, पण मूळ फाइल वाचायला अवघड होते.

क्रमांक मजकुरातच ठेवावेत, की वेगळ्या फाइलीत ठेवून प्रत्येक बदलानंतर जुन्या-नव्या मजकुराची जुळणी करावी? कोणता परिच्छेद कशातून निघाला याची नोंद कोणी ठेवत असल्यास, त्या नोंदीत नेमके कोणते रकाने असतात, हे कृपया सांगावे.