डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर: कोणतं पुस्तक भेट देऊ?

चाफा:
भाची एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला श्वाइट्झरांचं पुस्तक द्यायचंय. आफ्रिकेतलं रुग्णालय आणि शांततेचं नोबेल, एवढंच मला माहीत आहे. इंग्रजी चालेल, पण जड धर्मशास्त्र नको. काय सुचवाल?

कोरा कागद:
'आउट ऑफ माय लाइफ अँड थॉट' डोळे झाकून घ्या. धर्मशास्त्र शिकवणारा, संगीतकार बाखवर ग्रंथ लिहिणारा हा माणूस तिशीत आपल्याच स्ट्रासबुर्ग विद्यापीठात मेडिकलचा विद्यार्थी होतो आणि १९१३ साली पत्नी हेलेनसह गॅबनमधल्या लांबारेनेला पोचतो. हेलेननी त्यासाठी नर्सिंग शिकून घेतलं होतं.

त्यातला १९१५चा ओगोवे नदीवरचा प्रवास भाचीला आवर्जून वाचायला सांगा. युरोपात महायुद्ध पेटलेलं, आणि नीतीचा पाया कशात शोधायचा हा प्रश्न यांची पाठ सोडत नव्हता. वाळूच्या बेटांमधून बोट रखडत चाललेली, हे डेकवर बसून कागदावर कागद भरतायत. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना बोट पाणघोड्यांच्या कळपातून जात असताना एकदम शब्द सुचले: 'जीवनाविषयी आदर'. पुढचं सगळं तत्त्वज्ञान त्यावर उभं आहे.

नदीकाठ:
भाची डॉक्टर होतेय, तर मी आधी 'ऑन द एज ऑफ द प्रायमीव्हल फॉरेस्ट' देईन. पहिला दवाखाना कोंबड्यांच्या खुराड्यात, निद्रारोग, कुष्ठरोग, अडकलेला हर्निया. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलेला रुग्ण 'आता दुखत नाही' म्हणतो आणि डॉक्टरांचा हात चाचपून घट्ट धरतो, ते पान मी कितीदा तरी वाचलंय.

मात्र आफ्रिकन माणूस आपला भाऊ, पण धाकटा, असं ते लिहितात. ते खटकतं आणि खटकायलाच हवं. आफ्रिकन लेखकांनी त्यावर कडक टीका केली आहे. भाचीशी त्यावरही जरूर बोला.

कोरा कागद:
सहमत. तिला तत्त्वज्ञानाची गोडी असेल तर नंतर भारतीय विचारांवरचं त्यांचं पुस्तक द्या. जैन अहिंसेचं मोठेपण ते मानतात, पण ती करुणेतून नाही, जगापासून अलिप्त राहण्याच्या ओढीतून आली असं म्हणतात. मला ते पटत नाही. राधाकृष्णन यांनी याचा सविस्तर प्रतिवाद केलाय, तो सोबत वाचायला हवा.

चाफा:
मनापासून आभार. दोन्ही मागवते, आधी नदीकाठ म्हणतात ते देते.