मदत हवी आहे: व्हायरस पेशींना चिकटतच नाहीये

पेशीपाल
तिसऱ्यांदा प्लाक ॲसे (व्हायरसने मारलेल्या पेशींचे ठिपके मोजायची चाचणी) फसला. क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलं की अख्खा थर जांभळाधम्मक, पांढरा ठिपका एकही नाही. व्हायरस चिकटावा म्हणून काय घालू? परवा लॅब मीटिंग आहे.

खवचट
कुठला व्हायरस, कुठल्या पेशी? पत्रिका मांडून बघू का?

पेशीपाल
इन्फ्लुएंझा एच१एन१. पेशी अर्थातच एमडीसीके (कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या).

जुनाखेळाडू
पॉलिब्रीन (धनभारित रसायन) घाला. पेशी ऋणभारित, व्हायरसही ऋणभारित, म्हणून जवळ येत नाहीत. लेंटिव्हायरसला मी कायम घालतो.

सायली_के
लेंटिव्हायरसचा इथे काय संबंध? फ्लू पेशीवरच्या सायलिक ॲसिड या साखरेला धरतो आणि एमडीसीकेवर ते भरपूर असतं. पेशीपाल, इनॉक्युलम (पेशींवर ओतायचा व्हायरस) कशात करता?

पेशीपाल
नेहमीच्याच मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात). 200 मायक्रोलिटर, 37 अंश, तासभर, दर दहा मिनिटांनी प्लेट हलवतो. हे सगळं येतं मला.

सायली_के
नेहमीच्या म्हणजे सीरमसकट?

पेशीपाल
10 टक्के. पेशी जगायला नकोत का?

सायली_के
घ्या! सीरममधल्या प्रथिनांवरही सायलिक ॲसिड असतं, व्हायरस त्यांनाच मिठी मारून बसतो. पेशी पीबीएसने (मिठाच्या बफरने) दोनदा धुवा. ओव्हरलेत (नंतर पेशींवर ओतायच्या घट्ट थरात) ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, किती?

पेशीपाल
ट्रिप्सिनने पेशी सुटतात ना? ते कशाला घालू?

उष्माघात
सगळं 4 अंशांवर करा, छान चिकटतो.

खवचट
चिकटतो, पण आत जात नाही. ते फक्त चिकटणं मोजायला. यांना प्लाक हवेत.

सायली_के
एचए (व्हायरसचं चिकटायचं प्रथिन) टायटर, म्हणजे किती पातळ केला तरी रक्तपेशी धरतो, ते किती? स्टॉक अंड्यातला?

पेशीपाल
64. हो, अंड्यातला.

सायली_के
मग चिकटतोय की! अंड्यातल्या प्रोटिएजने त्याचं एचए आधीच कापलेलं असतं, म्हणून पहिल्या पेशीत शिरतो. तिच्यातून निघालेल्या पिल्लांचं एचए कोण कापणार? न कापलेलं एचए रक्तपेशी धरतं, पण पेशीत शिरायला उपयोगाचं नाही. ओव्हरलेत टीपीसीके ट्रिप्सिन हवं, मिलिलिटरला 1 मायक्रोग्रॅमपासून सुरू करा. सीरम शून्य, नाहीतर ते ट्रिप्सिनला गप्प करतं. पटत नसेल तर 24 तासांनी एनपीची (व्हायरसच्या आतल्या प्रथिनाची) चमकणारी अँटिबॉडी लावून बघा.

नवखी
फ्लूची लस दरवर्षी का बदलतात?

खवचट
वेगळा धागा काढा.

पेशीपाल
बघितलं. सुट्या सुट्या पेशी चमकतायत, शेजारची एकही नाही. मीटिंगमध्ये व्हायचं ते झालं. पेशी सोडवायचं ट्रिप्सिन-ईडीटीए फ्रीजमध्ये आहे, ते चालेल?

सायली_के
नाही!! थर उचलून येईल. टीपीसीकेवालंच मागवा, त्यात भेसळीचं एन्झाइम कायमोट्रिप्सिन मारलेलं असतं.

जुनाखेळाडू
पॉलिब्रीन एकदा तरी बघा.