जुनी करिझ्मा की झेडएमआर: अर्धी फेअरिंग की पूर्ण?

घाटमाथा:
मित्राला लांब पल्ल्यासाठी सेकंडहँड गाडी घ्यायची आहे. समोर दोन पर्याय: 2003 ला आलेली हीरो होंडाची पहिली करिझ्मा, अर्ध्या फेअरिंगची (फेअरिंग म्हणजे वारा अडवणारं पुढचं प्लास्टिकचं कवच), आणि 2009 ची करिझ्मा झेडएमआर, खालपर्यंत झाकलेली. इंजिन दोन्हींचं 223 सीसीच. झेडएमआरला फ्युएल इंजेक्शन, ऑइल कूलर आणि मागे डिस्क ब्रेक आहे हे मान्य, पण इथे फक्त फेअरिंगवर बोलू.

माझं मत: आपल्याकडच्या फिरण्याला अर्धी पुरते, खालचं प्लास्टिक मिरवायला. पुणे-कोल्हापूर आपण ऐंशी-नव्वदने जातो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तर दुचाकीला बंदीच. या वेगाला त्रास छातीला होतो, नडगीला नाही, आणि छातीचं काम फेअरिंगच्या वरची काच, म्हणजे व्हायझर करतो. शिवाय इंजिन उघडं असलं की वाटेतल्या कुठल्याही मेकॅनिकला हात घालता येतो. लेग गार्ड लावता येतो. उभ्या उभ्या गाडी आडवी झाली तर गार्डवर भागतं.

चिखलमार्गी:
साफ असहमत. नडगीला वारा लागत नसेल, पाणी लागतं ना! जुलैत आंबोली चढून बघा. वरून पडणाऱ्या पावसाचं काही नाही, रेनकोट असतो. पुढच्या चाकाने उडवलेलं लाल पाणी थेट बुटात जातं आणि पुढे दिवसभर पाय पचपचत राहतात. खालचं पॅनेल त्यातलं बरंचसं अडवतं.

आणि वाऱ्याला कमी लेखू नका. साठवरून नव्वदवर गेलात की त्याचा जोर सव्वादोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. संध्याकाळी मान आणि मांड्या का धरतात, ते यातच आलं.

वाईकर:
दोघांनीही आडव्या वाऱ्याचं नाव काढलं नाही. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या केल्या. तिथे पूर्ण फेअरिंगची हलकी गाडी बाजूच्या झोताने हातभर सरकते. बाजूने जेवढं प्लास्टिक जास्त, तेवढा वाऱ्याला धक्का द्यायला वाव. माझं मत अर्धीला.

चिखलमार्गी:
पठारावर वर्षातून किती वेळा जाता? पाऊस चार महिने असतो. 🙂

बॉक्सरभक्त:
मी जर्मनीत असतो, माझ्याकडे जुनी बीएमडब्ल्यू आर100आरटी आहे. मला वाटतं अर्धी की पूर्ण हा मुद्दाच दुय्यम. व्हायझरची वरची कड तुमच्या शरीराच्या कुठल्या भागाशी येते, ते बघा.

1973 ची आर90एस घ्या. छोटी फेअरिंग, दिव्याभोवती, हँडलबरोबर वळणारी. दिसायला देखणी, पण वारा तिला ढकलतो तेव्हा हँडललाच ढकलतो. 1976 च्या आर100आरएसला फेअरिंग चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर गेली. पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या विंड टनेलमध्ये (वाऱ्याच्या चाचणीच्या बोगद्यात) आकार ठरवला, पुढचं चाक वेगात हलकं पडू नये हाही हेतू होता. दोन्ही बाजूंना निघालेली सिलिंडरची डोकी बाहेरच ठेवली, वाऱ्याने थंड होणारं एअर-कूल्ड इंजिन ना. ही पहिली फुल फेअरिंगवाली प्रॉडक्शन बाईक.

पण आरएसचं हँडल खाली आणि अरुंद. तसं वाकून बसलात तर वारा डोक्यावरून जातो. ताठ बसलात की व्हायझरच्या कडेवरून सुटलेली भोवऱ्यासारखी हवा हेल्मेटवर आदळते आणि कान किटतात. म्हणून 1978 ला आरटी आली: हँडल रुंद, काच उंच, माणूस ताठ. पावसात राजा, उन्हाळ्यात मात्र आतल्या आत शिजतो. दोन्ही पूर्णच, तरी स्वभाव दोन टोकांचे.

घाटमाथा:
"पहिली फुल फेअरिंगवाली" जरा जपून. व्हिन्सेंट या ब्रिटिश कंपनीची ब्लॅक प्रिन्स 1954-55 मध्येच पूर्ण झाकलेली होती.

बॉक्सरभक्त:
बरोबर, ती राहिली. पण त्या थोड्याच बनल्या आणि कंपनीही लगेच बंद झाली. मोठ्या संख्येने विकलेली पहिली म्हणू.

बाकी करिझ्मा काय नि झेडएमआर काय, दोघींची फेअरिंग चेसीलाच आहे, म्हणजे आर90एसची भानगड नाही. मित्राला ट्रायलला सांगा: सरळ मोकळा रस्ता, ऐंशीचा वेग, नेहमीसारखं बसायचं. डावा हात व्हायझरच्या कडेमागून हळूहळू वर न्यायचा. शांत हवा संपून झोत सुरू होतो ती रेघ हाताला कळते. ती खांद्याखाली आली तर हेल्मेटला स्वच्छ वारा मिळतो. हनुवटीपाशी आली तर डोकं धडधडणार, मग फेअरिंग अर्धी असो वा पूर्ण.

वाईकर:
ऐंशीला एक हात सोडून? मित्राचा विमा आहे ना?

बॉक्सरभक्त:
बरं, साठला करा. रेघ तिथेही कळते.

घाटमाथा:
पटलं, पण याने माझीच बाजू भक्कम होते. व्हायझर उंच करणं स्वस्तातलं काम. ते करिझ्मालाही होतं. मग खालचं प्लास्टिक कशाला सांभाळायचं?

चिखलमार्गी:
बुटासाठी! किती वेळा सांगू. आणि गार्डचं कौतुक पुरे. जोरात आपटला की गार्ड स्वतः वाकतो आणि जिथे बोल्ट केलाय तिथे चेसीला ताण देतो.

तरी झेडएमआर बघायला गेलात तर बाहेरच्या रंगावर जाऊ नका. खालच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. पॅनेलच्या लॉकच्या जागी झिप टाय किंवा एम-सील दिसला, तर गाडी कधीतरी त्या बाजूला पडलेली असू शकते. मग फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) आणि फूटरेस्ट तपासा, आणि त्यानंतरच किमतीचं बोला.