मदत हवी आहे: गावच्या वाचनालयात मोफत संगणक-सेवा सुरू करायची आहे, आधी काय करावं?

कार्यवाह_क_वर्ग

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या गावातलं 'क' वर्ग वाचनालय आहे. साडेसहा हजारांच्या आसपास पुस्तकं, जांभ्याची कौलारू इमारत, ग्रंथपाल एकच आणि तोही संध्याकाळचे तीन तास. मुंबईतल्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाने दोन डेस्कटॉप दिलेत. २०१४ च्या सुमाराचे, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, विंडोज १०. फायबरचं कनेक्शन पुढच्या महिन्यात येईल.

वाचकांना फुकट द्यायच्या गोष्टी ठरल्यात त्या अशा: इंटरनेट, ऑनलाइन अर्जांना मदत, ज्येष्ठांसाठी मोबाइलचे वर्ग, शाळकरी मुलांसाठी काहीतरी. शिवाय पुस्तकांची यादी संगणकावर आणायची आहे. गावात एक दृष्टिहीन वाचक आहेत, त्यांच्यासाठी काही करता आलं तर हवंच आहे.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, यंत्रं कशी लावावीत, कार्यक्रम कोणत्या महिन्यात ठेवावेत? हाताशी पैसे एका मोठ्या वस्तूपुरतेच आहेत. तिसरा संगणक घ्यावा की इन्व्हर्टर?

जांभा_चिरा

इन्व्हर्टर. त्याच्याही आधी अर्थिंग.

सड्यावर (कातळाच्या पठारावर) किंवा जांभ्यात अर्थिंगचा खड्डा नुसता खणून भागत नाही. कातळ वीज नीट खेचत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत खड्डा कोरडा पडला की अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. वायरमनला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजायला सांगा. २-३ व्होल्टच्या वर दिसला तर आधी ते दुरुस्त करा. संगणकाच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता हिशोब. १२ व्होल्ट १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी पार रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, म्हणून हातात हजारेक धरा. डेस्कटॉप मॉनिटरसकट ८० ते १०० वॅट घेतो. दोन डेस्कटॉप, राउटर आणि दोन एलईडी दिवे मिळून सव्वादोनशेच्या आसपास, म्हणजे साधारण साडेचार तास. तुमचे तीन तास आरामात निघतात. लेझर प्रिंटर मात्र या लाइनवर लावू नका. रोलर तापताना तो क्षणभर इतकं खेचतो की इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. त्याला वेगळा सॉकेट द्या आणि लाईट असेल तेव्हाच छापा.

विजांचं म्हणाल तर कोकणात खरा धोका मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. ऐन आषाढात पाऊस धो धो, पण गडगडाट कमी. त्या दोन काळांत बटण बंद करून भागणार नाही, प्लग काढून ठेवायचा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं, वीज पडण्याचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप ग्रंथपालाच्या फोनवर असू द्या. फायबर काचेचं असतं, त्यातून वीज येत नाही, हे खरं. पण खांबावरून येणाऱ्या केबलला बहुतेक वेळा आधारासाठी पोलादी तार असते. ती भिंतीबाहेरच छाटून घ्या, आत फक्त फायबर येऊ दे. हे सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

ओलीसाठी: संगणकावर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत दमट हवा कोंडते. सुती कापड पुरे. पावसाळ्यात रोज निदान अर्धा तास यंत्र चालू ठेवा, त्याच्याच उष्णतेने ओल जाते. महिनाभर बंद ठेवलेलं यंत्र नुसतं पंखा फिरवून काळा पडदा दाखवू लागलं, तर प्लग काढा, रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसा आणि परत बसवा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच चालतं. सॉकेटमध्ये लाल मुंग्या आणि स्विचबोर्डात पाली शिरतात, म्हणून मोकळी भोकं टेपने बंद ठेवा.

खाडीपलीकडे

जुन्या दान आलेल्या यंत्रांबद्दल दोन गोष्टी आधीच पाहून ठेवा.

मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी (सीआर २०३२) मेलेली असते. मग लाईट गेली की तारीख मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक सरकारी साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो. लोक नेटला शिव्या घालतात, दोष घड्याळाचा. दोन्ही यंत्रांत नवी टाका.

दुसरं, विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, तुमच्यात तो नसणार. म्हणून दोन्हीत २४० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला (जुनी हार्ड डिस्क हेच संथपणाचं मुख्य कारण आहे) आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या फुकट प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती चढवा. ४ जीबीत ती चालते. सोबत लिबरऑफिस आणि फायरफॉक्स असतंच. मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन (ibus-m17n), त्यात इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसार दोन्ही मिळतात.

वाचकांसाठी वेगळं खातं करा, त्याला ॲडमिनचे हक्क देऊ नका. फायरफॉक्सच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये 'इतिहास कधीच लक्षात ठेवू नका' निवडा. डाउनलोड्स फोल्डर मात्र आपोआप रिकामं होत नाही. संध्याकाळी बंद करताना ते पुसणं ग्रंथपालाच्या कामात लिहून ठेवा. गावातल्या अर्ध्या लोकांची आधार कार्डं तिथेच सापडतात, थट्टा नाही.

दाखलनोंद

मिंटला माझा अर्धा विरोध. दृष्टिहीन वाचकांसाठी एनव्हीडीए हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा फुकट स्क्रीन रीडर फक्त विंडोजवर चालतो. लिनक्सवर ओर्का आहे, पण शिकवणारी माणसं आणि मराठीतली मदत एनव्हीडीएसाठीच जास्त मिळते. एक यंत्र मिंट करा. दुसऱ्यासाठी पुढे पैसे आले की आठव्या पिढीचा वापरलेला लॅपटॉप पाहा. एनव्हीडीएसोबत ईस्पीक या वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचा मराठी आवाज येतो. ऐकायला यांत्रिक आहे, कान सरावायला आठवडा जातो. हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथचा आवाज क्षणभर मागे राहतो आणि टाइप करताना गोंधळ होतो. 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्वही त्यांना मिळवून द्या. अपंगत्वाचा दाखला लागेल.

आता यादी. सगळे कोहा, कोहा म्हणतात. सॉफ्टवेअर उत्तम आहे, मुक्त आहे, पण त्याला लिनक्सचा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. तो माणूस नोकरीला पुण्याला गेला की काम थांबतं. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर वापरता येईल का, हे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारा. उत्तर येईपर्यंत स्प्रेडशीटमध्ये सुरुवात करा: दाखल क्रमांक, दाखल तारीख, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं, किंमत, वर्गांक. हाच तक्ता पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये घालता येतो. ड्युई या पुस्तकांच्या वर्गीकरण-पद्धतीत मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. पुढे १ लावला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. गावात सत्तर टक्के कपाटं एवढ्यावरच भागतात.

इथे हमखास होणाऱ्या चुका:

दाखल क्रमांक देवनागरी अंकांत टाइप करू नका. स्प्रेडशीट बऱ्याचदा ते आकडे न धरता मजकूर समजते, मग क्रम लागत नाही, आणि पुढे बारकोडातही ते बसत नाहीत. क्रमांक इंग्रजी अंकांत, बाकी सगळं मराठीत.

युनिकोडशिवाय दुसऱ्या फॉन्टात एक अक्षरही नको. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टातली यादी आयती मिळते, पण शोधायला गेलात की कचरा दिसतो.

तिसरी चूक डोळ्यांना दिसतच नाही. 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतं. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखी, शोधाला मात्र वेगळी. 'ॲ' चंही तसंच. दोन माणसं दोन कीबोर्डवर बसली की एकाच लेखकाचे दोन लेखक होतात. एकच कीबोर्ड ठरवा आणि महिन्यातून एकदा शोधा-बदला मारा.

कागदी दाखल नोंदवही बंद करू नका. तपासणीला तीच मागतात.

कार्यवाह_क_वर्ग

खूप आभार. इन्व्हर्टर आणि दोन एसएसडी नक्की. अर्जांचं काय? कोणी म्हणतं सेवा केंद्रवाले रागावतील, कोणी म्हणतं जबाबदारी अंगावर येईल.

खाडीपलीकडे

अर्ज तुम्ही भरायचा नाही, वाचकाला भरायला शिकवायचं. ही रेघ पक्की ठेवली की दोन्ही प्रश्न सुटतात. माऊस त्याच्या हातात, ओटीपी तो टाइप करणार, पासवर्ड तुमच्या वहीत लिहायचा नाही. 'आपले सरकार'वर नागरिक स्वतः नोंदणी करून अर्ज करू शकतो, सरकारी शुल्क तेवढं भरावं लागतं. सातबारा नुसता पाहायला फुकट आहे, डिजिटल सहीचा १५ रुपये. ही कामं कोणाच्या पोटावर येत नाहीत. बोटांचे ठसे घेण्यासारखी कामं केंद्राकडेच पाठवा.

ई-आधारची पीडीएफ उघडत नाही म्हणून रोज कोणीतरी येईल. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. ही ओळ भिंतीवर लावा. छापताना मास्क केलेलं, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं, आधार डाउनलोड करायला शिकवा.

प्रिंटसाठी लोकांनी ग्रंथपालाच्या व्हॉट्सॲपवर कागद पाठवणं पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. वाचकाने व्हॉट्सॲप वेबवर जोडायचं, फाईल उतरवायची, आणि निघण्याआधी फोनवर 'जोडलेली उपकरणं' उघडून लॉग आउट. विसरला तर पुढच्या माणसाला त्याची घरची बोलणी दिसतात.

वायफाय सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन सोडू नका. कोणी काय केलं याचा पत्ता लागत नाही. सार्वजनिक वायफायच्या पीएम-वाणी या केंद्राच्या योजनेत ओटीपीने प्रवेश देता येतो आणि वाचनालयाला त्यासाठी परवाना लागत नाही. ते जमेपर्यंत राउटरचं गेस्ट नेटवर्क वापरा, आणि वेळापत्रक लावून रात्री बंद ठेवा. नाहीतर पायरीवर अकरापर्यंत गेम चालतील.

भरती_ओहोटी

कार्यक्रमांचं मी सांगते. कोकणात तारखा पंचांग, भातशेती आणि आंबा पाहूनच ठरतात. जून-जुलै लावणी, मग गणपती, मार्च शिमगा, एप्रिल-मे आंबा-काजू. शेतकरी कुटुंबांसाठी नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी एवढीच मोकळी खिडकी. कोळीवाड्यात उलटं आहे. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा, पावसाच्या सुरुवातीला, माणसं मोकळी असतात. तेव्हा लाईटचा भरवसा नसतो, म्हणून त्यांचा वर्ग फोनवरच घ्या.

ज्येष्ठांचा वर्ग सहा जणांचा, पाऊण तास, आठवड्यातून दोनदा. पहिल्या दिवशी फक्त अक्षर मोठं करणं आणि मराठीत बोलून टाइप करणं. बोलून टाइप होतंय हे दिसलं की पुढचे वर्ग भरतात. तिसऱ्या दिवशी फसवणूक: पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन. मच्छीमारांना हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती संस्थेचा मासे सापडण्याच्या पट्ट्यांचा सल्ला वाचायला शिकवा: बंदरापासून दिशा, किलोमीटर, खोली. ढगाळ हवेत उपग्रहाला समुद्र दिसत नाही, तेव्हा सल्ला येत नाही. हे आधी सांगितलं नाही तर लोक म्हणतात ॲप बिघडलं.

मुलांसाठी किविक्स, म्हणजे नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं फुकट सॉफ्टवेअर. मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून ठेवायचा, पुढे नेट लागत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जात नाही आणि त्याचा संदेश काही कोणाला कळत नाही. संगणकावरच्या किविक्समध्ये स्थानिक सर्व्हरचं बटण आहे. ते दाबलं की त्याच राउटरला जोडलेल्या फोनवरही विश्वकोशासारखं वाचता येतं. बाहेरची लाइन तुटली तरी राउटर चालू असेपर्यंत वर्ग चालतो.

पुस्तकांचे पीडीएफ वाटायचा मोह मात्र आवरा. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क असतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आणि बालभारतीने स्वतःच फुकट ठेवलेली पुस्तकं भरपूर आहेत.

दाखलनोंद

तिसऱ्या संगणकासाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना पाहा, १९७२ पासूनची संस्था आहे. अर्ज राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो, जिल्हा कार्यालयात नमुना मिळेल.

बारकोडला घाई नको. पण घ्याल तेव्हा थर्मल स्टिकर घेऊ नका, उन्हाळ्यात फिके पडतात. लेझरवर छापा, शीर्षकपानाच्या मागे लावा, वर पारदर्शक टेप. डिंक वापरलात तर कसर येते. आणि प्रिंटरचा कागद उघडलेला रिम पत्र्याच्या डब्यात ठेवा, श्रावणात ट्रेमध्ये राहिला की अडकतोच.

कार्यवाह_क_वर्ग

वायरमन शनिवारी येतोय. अर्थिंगचं माप आलं की इथे टाकतो.

जांभा_चिरा

टाका. फक्त त्याला आदल्या दिवशी खड्ड्यात पाणी ओतू देऊ नका. माप छान येईल आणि मेमध्ये पुन्हा झिणझिण्या.